१४ फूट उतार, तीन लेव्हल आणि एक खोडरबर: घराचा प्लॅन करून देणाऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

आमच्या प्लॉटला उतार किती असं कोणी विचारलं की मी बिनधास्त सांगायचे, असेल चार-पाच फूट. नवरा म्हणायचा सहा. सर्व्हे झाला आणि आकडा आला १४. रस्त्याच्या कडेपासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत १४ फूट, म्हणजे जवळजवळ दीड मजला, आणि आम्ही वर्षभर त्या जागेवर फिरत होतो, फोटो काढत होतो, "इथे हॉल, इथे किचन" करत होतो, तरी एकाच्याही लक्षात आलं नाही. उतारावर उभं राहून उतार कळत नाही हेच खरं, चालताना फक्त धाप लागते आणि आपण म्हणतो वजन वाढलंय.

तर हा रिव्ह्यू एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसच्या सर्व्हिसचा आहे, एक मॅडम आणि त्यांचा ज्युनिअर एवढाच कारभार, नाव लिहीत नाही कारण खाली एकदोन गोष्टी कडू पण आहेत. घेतलेलं काम असं: सर्व्हे, प्लॅनचे पर्याय, मॉडेल, फायनल ड्रॉइंग आणि बांधकाम चालू असताना ठराविक साइट व्हिजिट. माझ्याकडून पाचातले चार स्टार. साडेतीनच देणार होते पण आईंनी (सासूबाई) डोळे वटारले, त्यांना मॅडम आवडतात.

आधी आम्ही काय केलं होतं ते सांगते म्हणजे फरक कळेल. नेटवरून एक तयार प्लॅन घेतला होता, तीन बेडरूम, सगळं एका लेव्हलला, दिसायला एकदम मस्त. कॉन्ट्रॅक्टरला दाखवला तर तो म्हणाला काही प्रॉब्लेम नाही ताई, प्लॉट सपाट करून घेऊ, वरचं कापायचं आणि खाली भराव टाकायचा, मशीनचं चार दिवसांचं काम. ऐकायला इतकं सोपं वाटलं की आम्ही जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. सर्व्हेनंतर मॅडमनी कागदावर हिशोब मांडला. प्लॉट ६० फूट रुंद, ९० फूट लांब, उतार सरासरी साडेबारा फूट (मागचा डावा कोपरा १४ फूट खाली, उजवा ११). मधोमध लेव्हल धरली तर वरच्या बाजूला सव्वासहा फूट कापायचं आणि खालच्या बाजूला सव्वासहा फूट भरायचं. माती किती, तर साधारण साडेआठ हजार घनफूट कापायची आणि तेवढीच भरायची. वर एक सहा फुटी भिंत रस्त्याकडची माती धरायला, खाली एक सहा फुटी भिंत आपला भराव धरायला. आणि मातीच्या भिंतीचं गणित सरळ वाढत नाही, उंची दुप्पट झाली की ढकलणारा जोर चौपट होतो आणि भिंत उलथवायला बघणारा जोर आठपट. म्हणजे तीन फुटाची भिंत आणि सहा फुटाची भिंत यात "दुप्पट खर्च" असं जे आपल्याला वाटतं ना, ते तसं नसतं.

शिवाय भरावावर घराचा पाया टेकवता येत नाही. भराव कितीही चांगला दाबला, सहा-आठ इंचाचे थर घालून पाणी मारून रोलर फिरवला तरी तो थोडा तरी बसतो, आणि अर्धं घर कापलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धं भरावावर असेल तर बरोबर त्या जोडावर भिंतीला तिरकी भेग. पाया मूळच्या जमिनीत घट्ट थर लागेपर्यंत खाली न्यावाच लागतो. मग भराव टाकून नेमकं काय मिळवलं, तर फक्त अंगण सपाट. हे ऐकून नवरा गाडीत बसल्यावर म्हणाला, "चार दिवसांचं काम म्हणत होता ना तो?" मी काही बोलले नाही, तो प्लॅन मीच घेतला होता.

आता सर्व्हेचं. हा भाग मला या पूर्ण सर्व्हिसमधला सगळ्यात पैसा वसूल वाटला, आणि गंमत म्हणजे आम्ही हाच टाळायला बघत होतो. नवऱ्याने आधी स्वतःच मापायचं ठरवलं, पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लेव्हल काढतात तसं. एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या, मधे तीस फूट नळी. मी ओरडायचे "थांबलं!" तो ओरडायचा "माझ्याकडे हलतंय अजून!" तासाभराने लक्षात आलं की नळीत मधे बोटभर लांबीचा हवेचा बुडबुडा अडकलाय आणि आपण लिहिलेलं सगळं चुकीचं आहे. बुडबुडा काढायला नळी झटकली तर अर्धं पाणी सांडलं. तिथे तो सर्व्हे संपला.

त्यांचा सर्व्हेवाला टोटल स्टेशन (अंतर आणि उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) घेऊन आला, सकाळी सुरू केलं आणि दुपारी संपलं. रस्त्याच्या कडेला एक पक्का पॉइंट धरून त्याला १०० लेव्हल दिली आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत. नुसते चार कोपरे नाहीत, मधली झाडं, तो मोठा दगड, रस्त्याकडचं गटार, सांडपाण्याचं चेंबर, शेजारच्या भिंतीचा तळ, सगळ्याच्या लेव्हल घेतल्या. मग एकेका फुटाच्या कंटूर लाइन, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, काढलेला नकाशा मिळाला. तो बघितल्यावर पहिल्यांदा जागा समजली. लाइन जिथे जवळजवळ तिथे चढ उभा, जिथे लांब तिथे सौम्य, एवढं तर शाळेत भूगोलात शिकलेलो, पण आमच्या लाइन रस्त्याला समांतर नव्हत्याच. मागचा डावा कोपरा १४ फूट खाली तर उजवा ११, म्हणजे उतार तिरका, साधारण १० अंशाने. आम्ही (आणि त्या नेटवरच्या प्लॅनने) घर रस्त्याला काटकोनात गृहीत धरलं होतं. मॅडमनी घर १० अंश फिरवलं, कंटूरच्या बाजूने आडवं झोपवलं, आणि एवढ्यानेच खोदाई बरीच कमी झाली. दिसायला काही फरक पडत नाही, पाहुण्याला सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

तीन ठिकाणी खड्डे पण घेतले, घट्ट जमीन किती खाली लागते ते बघायला. वरच्या खड्ड्यात लवकर लागली, खालच्यात बरीच खोल. उतारावर असंच असतं म्हणाले, वरची माती पावसाने वाहत येऊन खाली साठते, त्यामुळे खालच्या बाजूची मऊ माती फसवी.

यानंतर आम्ही खोल्यांची यादी घेऊन बसलो तर मॅडमनी यादी उलटी करून बाजूला ठेवली. म्हणाल्या, आधी सेक्शन, मग प्लॅन. सेक्शन म्हणजे घर केकसारखं मधून कापून बाजूने बघायचं. आम्हाला जरा रागच आला, खोल्या कुठे येणार हे सांगायचं सोडून ही बाई जमिनीची तिरकी रेघ काढत बसलीये. पण त्याच रेघेवर सगळं घर ठरलं, तिथेच आमच्या पंधरा मिनिटांत तीन भांडणं झाली आणि तिथेच मिटली.

घराची खोली ४४ फूट आणि तेवढ्यात जमीन सहा फूट खाली जाते. मॅडमनी घराचे दोन भाग केले, पुढचा २२ फूट, मागचा २२ फूट, आणि मागचा भाग पाच फूट खाली सरकवला. पुढच्या भागाला जमिनीवर थोडं उचललं, मागच्या भागाला वरच्या कडेला जेमतेम फूटभर कापलं. बस, एवढीच खोदाई. मग मागच्या भागावर अजून एक मजला, तो पुढच्या भागाच्या पाच फूट वर येतो. म्हणजे गेटमधून आत आलात की मधल्या लेव्हलला असता, दहा पायऱ्या उतरलात की हॉल, दहा पायऱ्या चढलात की बेडरूम. पायरी सहा इंचाची, दहा पायऱ्या म्हणजे ६० इंच, बरोबर पाच फूट. पूर्ण मजल्याचा जिना असा घरात कुठेच नाही. वर बोनस म्हणजे पुढचं आणि मागचं छप्पर यांच्यात पण पाच फुटाचा फरक पडतो आणि त्या फटीत जिन्यावर एक लांबलचक खिडकी, त्यामुळे घराचा मधला भाग, जो नेहमी अंधारा असतो, तिथे दिवसा दिवा लावावा लागणार नाही.

मी विचारलं हे नवीन फॅड आहे का. त्यांनी प्रागमधल्या व्हिला म्युलरचं सेक्शन दाखवलं, आडॉल्फ लोस या आर्किटेक्टने १९३० मध्ये पूर्ण केलेलं घर, तेही उतारावरच, आणि आत प्रत्येक खोली वेगवेगळ्या उंचीवर, मधे छोटे छोटे जिने. नवरा म्हणाला एवढ्या पायऱ्या पुसणार कोण. मुद्दा बरोबर होता, प्रश्न विचारणारा माणूस चुकीचा होता.

आता मॉडेल. साधं पुठ्ठ्याचं, १:१०० स्केल, आणि यातली एक गंमत मला फार आवडली: या स्केलला एक फूट म्हणजे तीन मिलिमीटर, आणि पुठ्ठा पण तीन मिलिमीटर जाडीचा. म्हणजे पुठ्ठ्याचा एक थर बरोबर एक फूट, एक कंटूर. ज्युनिअरने १४ थर कापून एकावर एक चिकटवले होते, A4 कागदापेक्षा थोडा लहान प्लॉट, पायऱ्यापायऱ्यांचा डोंगरच. त्यावर घराचे सुटे ठोकळे, उचलून ठेवता येतील असे. आईंना ड्रॉइंग कधीच कळत नव्हती, नुसतं "छान आहे हो" म्हणायच्या. मॉडेल बघितल्यावर त्यांनी बोट गेटवर ठेवलं आणि थरावरून घसरवत घसरवत आपल्या खोलीपर्यंत नेलं आणि विचारलं, "मला इथून इथे यायला किती पायऱ्या?" तेव्हा उत्तर होतं चार. त्या म्हणाल्या चार पण नकोत. आणि तिथे प्लॅन बदलला.

पार्किंग पण मॉडेलनेच सोडवलं. पहिल्या पर्यायात गाडी घराच्या बाजूच्या १२ फूट पट्टीतून खाली उतरून मागे लागणार होती. कागदावर बाण काढलेला, छान वाटत होता. आमच्या मुलीने आपलं खोडरबर काढलं, ते चार सेंटिमीटर लांब, म्हणजे या स्केलला बरोबर चार मीटरची गाडी, आणि ते बाणावरून चालवत नेलं. गेलं खाली. "आता परत कशी येणार?" खोडरबर मागे वळेना, वळायला दोनतीनदा मागेपुढे करावं लागणार आणि तेही उतारावर, नाहीतर पूर्ण चढ रिव्हर्समध्ये. आणि तो चढ होता सातास एक, म्हणजे सात फुटात एक फूट. गाडीच्या रॅम्पला आठास एक पेक्षा उभं जाऊ नये असा एक ढोबळ नियम आहे आणि रॅम्प सुरू होतो आणि संपतो तिथे अजून सौम्य तुकडा ठेवावा लागतो नाहीतर गाडीचं पोट घासतं. हे सगळं मॅडमना माहीत होतं, मग बाण काढलाच कसा, असं मी विचारलं. ज्युनिअरने काढला असं उत्तर आलं. ज्युनिअर बिचारा पुठ्ठ्याकडे बघत बसला.

शेवटी पार्किंग गेटच्या आतच, रस्त्याच्या लेव्हलला, चार कॉलमवर स्लॅब टाकून. आणि गेटपासून दारापर्यंत छोटा पूल, १५ फूट लांब, १५ फुटात एकच फूट उतरणारा, पायरी एकही नाही. व्हीलचेअरसाठी १२ फुटात एक फूट हा ठरलेला हिशोब आहे, आमचा त्याहून सौम्य. आईंची खोली आणि बाथरूम याच लेव्हलला, किचन आणि डायनिंग पण. पुलाखालून पाणी जातं, हे महत्त्वाचं, कारण रस्ता वर आणि घर खाली असलं की पावसाचं सगळं पाणी तुमच्या दारात. घराच्या पुढच्या अंगाला आडवं गटार, ते पाणी दोन्ही बाजूंनी खाली नेणारं, आणि बाजूचं गटार पायऱ्यापायऱ्यांचं म्हणजे पाण्याचा जोर मोडतो. हे त्यांनी पहिल्याच ड्रॉइंगपासून दाखवलं होतं, याचे पूर्ण मार्क.

आणि आता जिथे एक स्टार गेला ते. पाणी नाही, सांडपाणी.

सांडपाण्याची मेन लाइन आमच्या रस्त्याखाली, म्हणजे प्लॉटच्या सगळ्यात उंच कडेला. चेंबरमधल्या पाइपचा तळ रस्त्याच्या चार फूट खाली. आमचा हॉल रस्त्याच्या सहा फूट खाली. दुसऱ्या पर्यायात हॉलच्या बाजूला एक बेडरूम आणि बाथरूम दिलेलं होतं, तिसऱ्यात ते तसंच, फायनलच्या आधीच्या ड्रॉइंगमध्येही तसंच. आमचा प्लंबर सहज म्हणून बघायला आला, दोन मिनिटं लेव्हलचे आकडे वाचले आणि म्हणाला, "याचं पाणी वर कसं चढणार?" इतकं साधं! सहा फूट खालच्या बाथरूममधून चार फूट खोल पाइपात पाणी जाणार कसं, पंप लावल्याशिवाय. आणि सांडपाण्याचा पंप म्हणजे वीज गेली की काय होतं ते इथे लिहीत नाही.

मॅडमनी चूक मान्य केली, पंपाचा आग्रह धरला नाही, हे चांगलं. पण चेंबरची लेव्हल त्यांच्याच सर्व्हेमध्ये होती ना, पहिल्या दिवसापासून! नुसतं कोणी दोन आकडे शेजारी ठेवून बघितले नाहीत. त्यापायी सगळा प्लॅन परत हलला आणि तीन आठवडे गेले. खालची बेडरूम रद्द, तो भाग पूर्ण हॉल आणि एक वाचायचा कोपरा. नळ असलेली प्रत्येक गोष्ट मधल्या लेव्हलला किंवा वर. मधल्या लेव्हलचं बाथरूम रस्त्यापासून ४० फुटांच्या आत, चार इंची पाइपाला ४० फुटात एक फूट असा ढाळ दिला तरी चेंबरमध्ये अर्धा फूट राखून पोचतो. खरं सांगायचं तर नवीन प्लॅन जुन्यापेक्षा चांगला झाला, हॉल मोठा झाला, मागची मोकळी बाजू पूर्ण त्याला मिळाली. पण तो चांगला झाला प्लंबरमुळे. तुमचा प्लॉट रस्त्यापासून खाली उतरत असेल तर खोल्यांच्या आधी चेंबर उघडून टेप टाका, बाकी सगळं नंतर.

ओलीचं काम मात्र झकास. हॉलची जी भिंत पुढच्या भागाकडे आहे तिच्यामागे माती येणार अशी माझी धास्ती होती, कारण मातीला टेकलेली खोली म्हणजे वॉटरप्रूफिंग करा, परत करा, आणि तरी चार वर्षांनी पोपडे. मॅडमनी पुढच्या भागाखाली भराव टाकलाच नाही. तिथली जमीन आहे तशी उतरती ठेवली आणि वर स्लॅब कॉलमवर उचलून धरला, खाली पोकळी, दोन्ही बाजूंना जाळ्या, वारा आरपार. हॉलच्या भिंतीला माती फक्त तळाला फूटभर टेकते, तिथे बाहेरून लेप, मग खडीचा थर आणि खाली भोकांचा पाइप पाणी काढून न्यायला. पोकळी पुढे जेमतेम रांगता येईल एवढी आणि हॉलच्या बाजूला साधारण साडेतीन फूट, तिथे हॉलमधून छोटं दार काढलंय, कागदावर लिहिलंय "स्टोरेज". मुलगी म्हणते ती माझी खोली. बघू कोण जिंकतं, मला अंदाज आहे.

मागच्या अंगणात कॉन्ट्रॅक्टरला साडेचार फुटाची एकच भिंत बांधून सगळं सपाट करायचं होतं, इथे सव्वादोन फुटाच्या दोन भिंती आणि मधे रुंद पट्टा असं ठरलं. पट्टा रुंद का तर दोन भिंती फार जवळ आल्या की वरची भिंत आपला भार खालचीवर टाकते, मग दोन बांधून उपयोग काय. भिंतीत पाणी जायला भोकं आणि त्यामागे खडी, हे ड्रॉइंगमध्ये ठळक काढलेलं. नीट बघून घ्या हे बांधताना, गवंडी भोकं ठेवतो आणि मागे खडीऐवजी तीच माती लोटतो, मग भोकं वर्षभरात बुजतात आणि माती पाणी पिऊन फुगते. बांध पडतात ते बहुतेक वेळा पाण्याने.

स्ट्रक्चरचं काम त्यांचं नाही, वेगळा इंजिनिअर लागतो, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं. इंजिनिअरकडून एक नवीन गोष्ट कळली की उतारावरच्या घरात वरच्या बाजूचे कॉलम आखूड आणि खालचे लांब होतात, आणि भूकंपात आखूड कॉलम जास्त ताठ असल्यामुळे जास्त जोर ओढून घेतो आणि आधी तोच तुटतो. मला उलटं वाटायचं, लांब ते कमजोर. त्यामुळे सगळे फूटिंग (कॉलमखालचे पाये) पायऱ्यापायऱ्यांनी खाली नेले आणि आखूड कॉलमना सळयांच्या रिंगा एकमेकींच्या जवळ. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर एकदा तरी तुमच्यासमोर एकत्र बसवा, आमच्याकडे ते फोनवरच बोलले आणि एक बीम बरोबर जिन्यावर डोकं आपटेल असा आला होता. वेळेत सापडला, नवरा सहा फूट असल्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

बारीकसारीक तक्रारी. ड्रॉइंगवर सगळ्या लेव्हल मीटरमध्ये, आम्ही सगळे फुटात बोलणारे, त्यामुळे प्रवेशाची लेव्हल ९९.७० आणि हॉल ९८.१७ असं वाचून काही अर्थबोध होत नाही, मी शेवटी प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने फूट लिहिले आणि तोच कागद आता साइटवर चालतो. कॉम्प्युटरवरची थ्रीडी चित्रं सुंदर पण खोटी, त्यात मागचं अंगण सपाट हिरवळ दिसतं, विचारलं तर म्हणे प्रेझेंटेशनसाठी. पुठ्ठ्याचं मॉडेल शंभरपट प्रामाणिक. मेसेजला उत्तर यायला तीनचार दिवस, फोन केला तर लगेच. आणि तीन फेऱ्यांनंतरच्या बदलांना जादा फी असं करारात होतं, त्यात सांडपाण्याच्या चुकीची फेरी पण मोजायला निघाले होते, तिथे मात्र मी आवाज चढवला, मग सोडली.

लिफ्टचं राहिलं. आईंना कधी हॉलमध्ये उतरायचं झालं आणि गुडघे नाही म्हणाले तर, म्हणून जिन्याशेजारी पाच बाय पाच फुटाची जागा खालपासून वरपर्यंत एकाखाली एक मोकळी ठेवलीये, सध्या तिथे कपाटं. अर्ध्या लेव्हलच्या घरात लिफ्टला दोन्ही बाजूंना दारं लागतात, मधल्या लेव्हलला पुढून आणि हॉल-बेडरूमला मागून, हे आत्ताच माहीत असलेलं बरं, नंतर भिंत फोडायला नको. ही सूचना त्यांचीच, आम्ही मागितली नव्हती.

तर ही सर्व्हिस घ्यावी का? उतार दोनतीन फुटाचा असेल तर कदाचित गरज नाही, जोतं थोडं उचलून चांगला गवंडी भागवून नेईल. त्यापेक्षा जास्त असेल तर कुठल्याही आर्किटेक्टकडे जा, पण पहिल्या भेटीत त्यांनी कंटूर सर्व्हे मागितला नाही आणि थेट खोल्या काढायला घेतल्या तर चहा पिऊन परत या. आणि करारात साइट व्हिजिट किती ते आधी मोजून घ्या, आम्हाला सहा मिळाल्या होत्या, त्यातल्या दोन उगाच गेल्या, एकदा तर नुसती फक्की मारायच्या दिवशी बोलावलं.

उगाच म्हणते खरी, पण त्या दिवशी चुन्याच्या रेघा पडल्यावर कळलं की कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने घर परत रस्त्याला काटकोनात आखलंय, १० अंश विसरून. मॅडमनी काही न बोलता टेप मागितला, कोपऱ्यावरच्या खुंट्या उपटायला लावल्या आणि सगळी आखणी पुन्हा केली, दोन तास उन्हात. दोन व्हिजिट अजून शिल्लक आहेत, एक पुलाच्या स्लॅबला आणि एक त्या भोकांच्या मागच्या खडीला ठेवलीये.